पाहिलं म्हणजे आलं का?

सदर : संगणकाशी गट्टी



घरात पोळ्या लाटताना तुम्ही किती वेळा पाहिलंय? रोज! म्हणजे दहा वर्षांच्या मुलाने निदान हजारभर वेळा तरी पाहिलं असेल. मग आता लाटणं हातात घ्या आणि लाटा बघू एक गोल पोळी! काय झालं? भारताचा नकाशा झाला ना? कुणाची श्रीलंकासुद्धा झाली असेल!

हसू नका. संगणकाचंही अगदी तसंच आहे. आजकाल काहीही शिकायचं म्हटलं की आपण मोबाइल काढतो, दोन शब्द बोलतो आणि समोर पन्नास व्हिडिओ हजर. ‘पाच मिनिटांत चित्र रंगवा’, ‘दहा मिनिटांत हिशेब करा’, ‘तीन मिनिटांत गाणं जोडा’. आपण एक बघतो, दुसरा बघतो, तिसरा बघतो. मान डोलावतो. ‘हां, कळलं, सोप्पं आहे!’ असं म्हणतो. आणि शाळेच्या संगणकासमोर बसल्यावर पहिलं बटण कोणतं, तेच आठवत नाही!

बऱ्याच जणांनी पत्रातून हाच प्रश्न विचारला आहे, ‘बाई, व्हिडिओ बघताना सगळं समजतं, मग करताना का अडतं?’ प्रश्न फार छान आहे. आज त्याचंच उत्तर शोधू या.

शास्त्रज्ञांनी काय पाहिलं?

तुमच्यासारखाच प्रश्न अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठातल्या मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन या दोन संशोधकांनाही पडला होता. त्यांनी त्यावर प्रयोग केले आणि २०१८ साली ते प्रसिद्ध केले. त्यातला एक प्रयोग फार गमतीचा आहे. फळ्यावर बाण मारायचा खेळ तुम्ही जत्रेत पाहिला असेल. तो कसा मारायचा याचा एक छोटा व्हिडिओ त्यांनी लोकांना दाखवला. काहींना एकदाच दाखवला, तर काहींना तोच व्हिडिओ तब्बल वीस वेळा दाखवला! मग विचारलं, ‘आता तुम्हाला किती गुण मिळतील असं वाटतं?’ वीस वेळा पाहिलेल्यांनी छाती फुगवून जास्त गुण सांगितले. आणि प्रत्यक्षात बाण मारले तेव्हा? एकदा पाहिलेल्यांपेक्षा ते जरासुद्धा पुढे नव्हते!

म्हणजे वीस वेळा पाहून वाढला तो फक्त विश्वास. हात होता तिथेच राहिला. पाहताना आपल्या डोळ्यांना पुढची पायरी ओळखीची वाटायला लागते. ती ओळख म्हणजेच कौशल्य, असं मनाला वाटतं. पण एखाद्याचा चेहरा ओळखणं वेगळं आणि त्याचं चित्र काढता येणं वेगळं, हो की नाही?

मग व्हिडिओ वाईट का?

छे छे! मुळीच नाही. उलट व्हिडिओसारखा शांत मास्तर शोधून सापडायचा नाही. तो कधी ओरडत नाही, ‘किती वेळा सांगायचं?’ असं म्हणत नाही आणि दहाव्यांदाही तितक्याच आनंदाने सांगतो!

यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला तो २३ एप्रिल २००५ रोजी. प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींसमोर उभं राहून एका तरुणाने केलेला, फक्त १९ सेकंदांचा. त्याच सुमारास अमेरिकेत सलमान खान नावाचा एक गृहस्थ (सिनेमातला नव्हे बरं का!) दूरगावी राहणाऱ्या आपल्या चुलत-मावस भावंडांना गणित शिकवत होता. २००४ साली त्याने हे सुरू केलं ते फोन आणि संगणकावरून. पुढे २००६ पासून तो धड्यांचे व्हिडिओ करून ठेवू लागला. आणि भावंडं काय म्हणाली ठाऊक आहे? ‘आम्हाला प्रत्यक्षातल्या तुझ्यापेक्षा व्हिडिओतला तूच जास्त आवडतोस!’ का? तर व्हिडिओला मधेच थांबवता येतं, मागे नेता येतं, आणि ‘मला हे दोन वर्षांपूर्वीचंच आठवत नाही’ हे कुणाला सांगायची लाज वाटत नाही. यातूनच पुढे ‘खान अकॅडमी’ उभी राहिली.

बघा, व्हिडिओची खरी ताकद कशात आहे? थांबवण्यात आणि मागे नेण्यात. आणि आपण नेमकं काय करत नाही? थांबवत नाही आणि मागे नेत नाही! सिनेमा बघितल्यासारखा सलग बघून टाकतो.

व्हिडिओ छोटाच का बरा, याचाही अभ्यास झालाय. २०१४ साली काही संशोधकांनी इंटरनेटवरच्या अभ्यासक्रमांतले व्हिडिओ लोक कसे बघतात, ते तपासलं. सुमारे ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदी त्यांच्याकडे होत्या. दिसलं असं, की व्हिडिओ कितीही लांबलचक असो, साधारण सहा मिनिटांच्या पुढे बहुतेकांचं लक्ष टिकत नाही. तेव्हा तासाभराचा ‘सगळं काही शिका’ व्हिडिओ निवडण्यापेक्षा एकच काम शिकवणारा पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ निवडावा.

पवईची मराठी शिकवणी

असे छोटे व्हिडिओ आपल्या महाराष्ट्रातही तयार झाले आहेत, हे किती जणांना माहीत आहे? मुंबईत पवईला आयआयटी आहे. तिथले प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा उपक्रम सुरू झाला. एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा. विषय असे, की जे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर कुणालाही आपल्या संगणकावर घालता येतं, ते कसं वापरायचं. हिशेब आणि पत्रं लिहिण्यासाठी लिब्रेऑफिस, भूमितीसाठी जिओजेब्रा, चित्रांसाठी इंकस्केप, झालंच तर लिनक्स आणि पायथॉनसुद्धा.

यातली एक युक्ती मला फार आवडते. पडद्यावर दिसणारं सॉफ्टवेअर इंग्रजीच ठेवलंय, पण बोलणारा आवाज मात्र भारतीय भाषांतला, त्यात आपली मराठीही आली. म्हणजे समजायचं आपल्या भाषेत आणि पुढे नोकरीत जी इंग्रजी बटणं दिसणार, त्यांचीही ओळख होऊन जाते! शिवाय हे धडे सुरुवातीपासूनच ‘बाजूबाजूला’ शिकण्यासाठी केले आहेत. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्या पडद्यावर आपलं काम. ते एक पाऊल टाकतात, आपण थांबवायचं आणि तेच पाऊल टाकायचं.

शंभर रुपये गेले कुठे?

आता तुम्हाला एक खरी हकीकत सांगते. आमच्या शाळेतली सातवीची एक मुलगी. तिची आई महिला बचत गटाची सचिव. गटात बारा जणी. दर महिन्याला प्रत्येकीने शंभर रुपये भरायचे, ते वहीत लिहायचे आणि बैठकीत बेरीज वाचून दाखवायची. आईचं काम हलकं व्हावं म्हणून मुलीने शाळेच्या संगणकावर लिब्रेऑफिसमधलं ‘कॅल्क’ शिकायचं ठरवलं.

‘कॅल्क’ म्हणजे काय? आकड्यांची मोठी चौकटींची वही म्हणा ना! या वहीला स्प्रेडशीट म्हणतात. आडव्या ओळींना आकडे आणि उभ्या रकान्यांना इंग्रजी अक्षरं असतात. बुद्धिबळाच्या पटासारखं प्रत्येक घराला नाव, म्हणजे ए१, बी२ वगैरे. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेल्या बेरजा आपोआप बदलतात. ही कल्पना ‘व्हिसीकॅल्क’ या नावाने १९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी प्रत्यक्षात आणली. ब्रिकलिन तेव्हा विद्यार्थी होता. फळ्यावरच्या कोष्टकात एक आकडा बदलला की सगळं खोडून पुन्हा मांडावं लागायचं, ते पाहून त्याला हे सुचलं.

तर आमच्या मुलीने दहा मिनिटांचा धडा थांबत थांबत केला. ‘ए’ रकान्यात बारा नावं, ‘बी’ रकान्यात रक्कम. खाली बेरजेसाठी सूत्र : =सम(बी२:बी१३). (टाइप करताना हे इंग्रजी अक्षरांत नि आकड्यांत करायचं हं! इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत दिलंय.) म्हणजे बी२ पासून बी१३ पर्यंतच्या बारा घरांची बेरीज कर, असा संगणकाला हुकूम. कागद छापून तिने आईच्या हाती दिला.

बैठकीत पेटीतले पैसे मोजले. बाराशे. कागदावर बेरीज किती? अकराशे! सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. वहीत कुणी काय लिहिलं, पैसे कुणी भरले, कुणी भरले नाहीत, यावरून कुजबुज सुरू झाली. एक काकू मागच्याच महिन्यात उशिरा पैसे देऊन गेल्या होत्या. साहजिकच नजरा तिकडे वळल्या. शंभर रुपये ही रक्कम लहान वाटेल तुम्हाला. पण बचत गट चालतो तो विश्वासावर. कागदावर चुकलेली एक बेरीज एखाद्या प्रामाणिक बाईला मान खाली घालायला लावू शकते.

दुसऱ्या दिवशी मुलगी मधल्या सुट्टीत संगणकासमोर बसली. व्हिडिओ पुन्हा पाहून काही उपयोग नव्हता, कारण व्हिडिओतल्या माणसाची बेरीज बरोबरच येत होती! तिने आपल्या पडद्याकडे नीट पाहिलं. बारा रकमांपैकी अकरा आकडे घरात उजवीकडे चिकटलेले होते आणि एकच डावीकडे. त्या घरात तिने वहीतल्यासारखंच टाइप केलं होतं : ‘१००/-’.

आपण कागदावर रक्कम अशीच लिहितो ना? पुढे कुणी शून्य वाढवू नये म्हणून. पण संगणकाला ती रेघ आणि आडवी दांडी कळत नाही. त्याच्या लेखी तो आकडा नव्हे, तो झाला मजकूर! आणि ‘सम’ हे सूत्र मजकूर बेरजेत धरत नाही. तक्रारही करत नाही, गुपचूप सोडून देतं. तिने तिथे नुसतं १०० केलं, आणि काय आश्चर्य, खालची बेरीज झाली १२००! ज्या काकूंकडे नजरा वळल्या होत्या, त्यांचे पैसे तर आधीपासून मोजलेलेच होते. ती चुकलेली ओळ दुसऱ्याच बाईंची निघाली, आणि त्यांनीही पैसे भरलेलेच होते.

मुलीने एवढ्यावरच थांबायचं नाही असं ठरवलं. तिने बेरजेच्या खाली आणखी एक सूत्र घातलं : =काउंट(बी२:बी१३). हे सूत्र किती घरांत खरेखुरे आकडे आहेत ते मोजतं. उत्तर बारा आलं तर ठीक. अकरा आलं तर कुठेतरी गडबड! आता दर महिन्याला आई बेरीज वाचायच्या आधी हा पहारेकरी बघते. आणि हो, हाताने लिहायची वही त्यांनी बंद केलेली नाही. दोन्ही ठेवतात. पडताळा घ्यायला दुसरी नोंद हवीच.

आता मला सांगा, तिला ही चूक सापडली ती कशामुळे? व्हिडिओ वीसदा बघितला म्हणून? नाही. स्वतःच्या हाताने, स्वतःचे आकडे घालून केलं म्हणून. अडली, विचार केला आणि सुटली. शिकणं म्हणतात ते हेच!

पाच पायऱ्या

‘पी हळद नि हो गोरी’ असं इथे चालत नाही. पण ताबडतोब नाही, तरी लवकर शिकता यावं अशा पाच पायऱ्या देते. वहीत उतरवून घ्या.

पहिली पायरी : कामाचं एक वाक्य लिहा. ‘मला संगणक शिकायचाय’ हे वाक्य नको. ‘मला बारा रकमांची बेरीज करायची आहे’ हे हवं. शोधतानाही सॉफ्टवेअरचं नाव, काम आणि भाषा असे तिन्ही शब्द घाला : ‘कॅल्क, बेरीज, मराठी’. नेमकं मागितलं की नेमकं मिळतं.

दुसरी पायरी : व्हिडिओची तारीख बघा. सॉफ्टवेअरची बटणं दर काही वर्षांनी जागा बदलतात. मुलांच्या आवडीचं ‘स्क्रॅच’ घ्या. २०१३ साली आलेली त्याची दुसरी आवृत्ती ‘फ्लॅश’वर चालायची. २ जानेवारी २०१९ ला तिसरी आवृत्ती आली, तिला ‘फ्लॅश’ लागत नाही. आणि ‘फ्लॅश प्लेअर’ला कंपनीने ३१ डिसेंबर २०२० नंतर रामराम ठोकला. आता जुन्या व्हिडिओत कुणी ‘आधी फ्लॅश घाला’ म्हणालं आणि तुम्ही भलत्याच जागेवरून ते उतरवून घेतलं, तर फ्लॅशच्या नावाखाली व्हायरस घरात यायचा!

तिसरी पायरी : एकदा हात न लावता पूर्ण बघा. का? कुठे जायचंय ते कळलं की वाट लक्षात राहते. पण एकदाच हं! वीस वेळा नव्हे.

चौथी पायरी : आता थांबा-करा-पुढे जा. संगणकावर विंडोज-कळ दाबून डावा बाण दाबलात, की समोरची खिडकी डाव्या अर्ध्या भागात बसते. उजवा बाण दाबलात की उजव्या. एकीकडे व्हिडिओ, दुसरीकडे काम. यूट्यूबवर ‘के’ कळ दाबली की व्हिडिओ थांबतो, ‘जे’ दाबली की दहा सेकंद मागे आणि ‘एल’ दाबली की दहा सेकंद पुढे जातो. मोबाइलवर पडद्याच्या डाव्या बाजूला दोनदा टिचकी मारली की तो मागे जातो. बोलणारा फार भरभर बोलत असेल तर वेग पाऊणपट करा. लाजायचं काय त्यात?

पाचवी पायरी : व्हिडिओ बंद करा आणि वेगळे आकडे घेऊन तेच काम कोऱ्या पानावर करा. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त गाळली जाणारी! मग दुसऱ्या दिवशी एकदा आणि आठवड्याने एकदा पुन्हा करा. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं होतं, की नुकतंच पाठ केलेलं आपण सुरुवातीला फार भराभर विसरतो, पण मधे मधे उजळणी केली की ते टिकतं. संगणकाचं बटण काय आणि पंधराचा पाढा काय, नियम एकच.

अजून एक जोड. प्रत्येक व्हिडिओनंतर वहीत तीनच ओळी लिहा : काय केलं, कुठे बटण होतं, आणि असं का होतं? तिसरी ओळ लिहिता आली नाही, तर समजा धडा अजून अर्धाच झालाय.

घरी संगणक नसेल तर?

तर काही बिघडत नाही. आमच्या शाळेत एका संगणकाला चार मुलं असतात. आम्ही कामं वाटून घेतो. एक जण माउस धरतो, एक व्हिडिओ थांबवतो-चालवतो, एक पुढची पायरी तोंडाने सांगतो आणि एक वहीत लिहितो. दर पाच मिनिटांनी जागा बदलायच्या. माउस धरणाऱ्याने स्वतःहून काही करायचं नाही, सांगणाऱ्याने सांगितलं तरच करायचं! मग बघा कशी मजा येते. ‘अरे तिथे नाही, वरती, वरती!’ असं ओरडता ओरडता सांगणाऱ्यालाच पक्कं पाठ होतं.

मोबाइलवरही आकड्यांच्या वहीची ॲप्स मिळतात. मात्र एकाच छोट्या पडद्यावर व्हिडिओ आणि काम दोन्ही मावत नाही. तेव्हा आधी पायऱ्या वहीत लिहून घ्या आणि मग वही बघून करा. खरं सांगू? हीच पद्धत जास्त पक्की होते. डेटा वाचवायचा असेल तर चित्राचा दर्जा कमी करता येतो, पण इतकाही कमी नको की पडद्यावरची अक्षरंच वाचता येणार नाहीत.

लाल कंदील

रेल्वेच्या रुळांवर लाल कंदील दिसला की गाडी थांबते ना? तसे व्हिडिओतही काही लाल कंदील असतात. दिसले की थांबायचं आणि मोठ्या माणसाला हाक मारायची.

‘विकतचं सॉफ्टवेअर फुकट मिळवा, खालच्या दुव्यावर टिचकी मारा.’ हा लाल कंदील! त्या दुव्यामागे बऱ्याचदा चोर दडलेला असतो. सॉफ्टवेअर घ्यायचं ते नेहमी ते बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच. आणि लिब्रेऑफिससारखं मुळातच मोफत असलेलं मिळत असताना चोरवाटेने जायचंच कशाला?

‘आधी तुमचा अँटिव्हायरस बंद करा.’ लाल कंदील! पाहुणा म्हणाला की ‘आधी कुत्र्याला बांधा आणि डोळे मिटा’, तर तुम्ही मिटाल का?

‘अडचण आली तर या नंबरवर फोन करा, हे ॲप घाला, म्हणजे आम्ही तुमचा पडदा बघून दुरुस्त करू.’ मोठ्ठा लाल कंदील! दुसऱ्याला आपला पडदा दिसला, की आई-बाबांच्या मोबाइलवर येणारा ओटीपीसुद्धा त्याला दिसू शकतो. मग बँकेतले पैसे जायला किती वेळ?

तरीही कुणी फसलंच, तर घाबरून लपवायचं नाही. ताबडतोब घरात सांगायचं. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. म्हणूनच मुलांनो, रागावतील या भीतीने एक तासही दवडू नका.

पालकांसाठी दोन शब्द

आई-बाबा, आजी-आजोबा, हा भाग आपल्यासाठी. मूल मोबाइल घेऊन बसलं की ‘अभ्यास करतोय’ म्हणतं आणि आपल्याला खरं-खोटं कळत नाही. त्यावर सोपा उपाय आहे. ‘किती वेळ बघितलंस?’ असं विचारू नका. ‘काय केलंस ते मला करून दाखव’ असं म्हणा. व्हिडिओ बंद, आणि आपण शेजारी. दहा मिनिटं पुरतात. आपल्याला संगणक येत नसेल तर फारच उत्तम! अजाण माणसाला समजावून सांगताना मुलाची खरी परीक्षा होते. ‘हे बटण दाबलं की असं का झालं?’ एवढा एक प्रश्न आपण विचारला, तरी शिकवणीच्या फीचे पैसे वाचले म्हणा!

आणि घरातलं एखादं खरं काम मुलाच्या हाती द्या. किराणा, विजेची बिलं, भिशी, शेतीचा खर्च, काहीही. खोट्या आकड्यांची बेरीज चुकली तर कुणाचं काही जात नाही, म्हणून मूल तपासत नाही. खऱ्या आकड्यांची चुकली तर विचारणारं कुणीतरी असतं, म्हणून ते दोनदा तपासतं. अर्थात, ते काम चुकण्याची मुभाही द्या. पहिल्या महिन्यात आपली वही शेजारी असू द्या.

या आठवड्याचा गृहपाठ

आपल्या घरच्या दुधाचा महिन्याचा हिशेब करायचा. ‘ए’ रकान्यात तारीख, ‘बी’ रकान्यात किती लिटर, ‘सी’ रकान्यात दर आणि ‘डी’ रकान्यात रक्कम. रकमेचं सूत्र : =बी२*सी२. गुणाकाराला संगणकावर फुली नव्हे, तारा वापरतात, हे विसरू नका. सूत्र एकदाच लिहा. मग त्या घराच्या उजव्या कोपऱ्यातला छोटा चौकोन धरून खाली ओढा, सगळ्या तारखांना आपोआप लागेल. शेवटी बेरीज करा आणि तिच्याखाली आपला ‘काउंट’ पहारेकरी उभा करायला चुकू नका.

आणि आता खरी गंमत. ज्या दिवशी दूध आलं नाही, त्या दिवशी ‘बी’ रकान्यात काय लिहाल? शून्य, की ‘खाडा’ हा शब्द, की घर रिकामंच ठेवाल? तिन्ही करून बघा. प्रत्येक वेळी रकमेच्या घरात काय येतं आणि ‘काउंट’ काय सांगतो, ते वहीत लिहा. का, तेही लिहा. उत्तर मी आज मुद्दामच सांगत नाही. व्हिडिओतही शोधू नका. हातानेच सापडेल!

महिनाअखेरीला दूधवाल्या काकांचा आकडा आणि तुमचा आकडा जुळला, तर मला पत्राने जरूर कळवा. नाही जुळला, तर आधी आपले आकडे तपासा, मग त्यांना विचारा. आणि विचाराल ते गोड शब्दांत हं!

पुढच्या अंकात याच हिशेबाचा रंगीत आलेख काढू या. तोपर्यंत लागा कामाला!

तुमची,
बाई